दहशतीचें नांव आणि दहशतीचा पुरावा

२०२५ च्या जुलै महिन्यांत मुंबईंत दहा दिवसांच्या अंतरानें दोन निकाल लागले. ता. २१ रोजीं उच्च न्यायालयानें ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांतील बाँबस्फोटांबद्दल शिक्षा झालेल्या बाराहि इसमांस दोषमुक्त केलें. त्यांपैकीं पांचांस विशेष न्यायालयानें २०१५ सालीं फांशीची शिक्षा सांगितली होती. एक तर निकाल ऐकण्यापूर्वींच तुरुंगांत वारला होता. ता. ३१ रोजीं दुसऱ्या एका विशेष न्यायालयानें २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगांव येथील स्फोटाच्या खटल्यांतील सातहि आरोपींस सोडून दिलें. पहिल्या खटल्यांतील आरोपी मुसलमान, दुसऱ्यांतील हिंदु. पहिला निकाल ऐकून जे संतापले त्यांतील पुष्कळांनीं दुसऱ्या निकालाचें स्वागत केलें; आणि पहिल्या निकालानें ज्यांस न्यायदेवता जागी असल्याचा प्रत्यय आला त्यांतील पुष्कळांस दहाच दिवसांनीं ती झोपीं गेल्यासारखी वाटली. दोन्ही निकालपत्रें मिळून दीड हजारांहून अधिक पानांचीं आहेत. तीं वाचणें हें कंटाळ्याचें काम आहे हें आम्ही धंद्याच्या अनुभवानें जाणतों, व वाचकांनीं तें करावेंच असा आमचा आग्रह नाहीं. परंतु निकालाच्या दिवशींच सायंकाळपर्यंत ज्यांनीं आपलीं ठाम मतें जाहीर केलीं त्यांनीं आरोपींच्या नांवांखेरीज आणखी कांहीं वाचलें होतें काय, एवढें विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे.

गाड्यांत १८९ माणसें मेलीं. मालेगांवास सहा मेलीं. त्यांस कोणीं मारलें या प्रश्नाचें, कायद्यास मान्य होईल असें, उत्तर त्या दोन निकालांनंतर कोणापाशींच उरलें नाहीं. या गोष्टीचें दुःख दोन्ही पक्षांस सारखें व्हावयास पाहिजे होतें. तें झालेलें आम्हांस दिसलें नाहीं. दहशतवाद या शब्दाच्या इतिहासांतच या दुर्दैवाचें मूळ आहे असें आमचें मत आहे. कृत्य काय केलें यापेक्षां तें कोणीं केलें हें पाहून हा शब्द वापरण्याची खोड जगास जुनी आहे. इकडे कृत्याचें स्वरूप मात्र दोनशें वर्षांत इतकें पालटलें आहे कीं, ती जुनी खोड आतां बाजारांत बसणाऱ्या, गाडीनें जाणाऱ्या, कोणत्याहि पक्षाच्या नसलेल्या माणसाच्या जिवावर उठली आहे.

हा शब्द मूळचा बंडखोरांचा नव्हे, सरकारचा आहे. फ्रान्सच्या राज्यक्रांतींत ५ सप्टेंबर १७९३ रोजीं पॅरिसच्या लोकांनीं राष्ट्रीय सभेंत शिरून दहशत हाच कारभाराचा क्रम करावा अशी मागणी केली, आणि सभेनें ती उचलून धरली. बाराच दिवसांनीं संशयितांचा कायदा झाला. त्या कायद्याखालीं पकडला जाण्यास माणसानें कांहीं केलेलें असावें असें नव्हतें. त्याचें वागणें, त्याचे संबंध, त्याचें बोलणें किंवा लिहिणें एवढें पुरे होतें. या कारभाराचा धुरीण रोबेस्पियर हा आमच्याच धंद्यांतला, आरास गांवचा वकील. आणि याच गृहस्थानें १७९१ सालीं देहांताची शिक्षा अजीबात रद्द करावी म्हणून भाषण केलें होतें! १० जून १७९४ च्या कायद्यानें आरोपीस वकील देण्याचें बंद झालें, साक्षीदार तपासणें पंचांच्या मर्जीवर राहिलें, आणि निकाल दोनच उरले: सुटका किंवा मृत्यु. पुढील सात आठवड्यांत एकट्या पॅरिसांत तेराशेंहून अधिक मुंडकीं उडालीं. २८ जुलै रोजीं रोबेस्पियरचेंहि उडालें, तेंहि खटल्यावांचूनच. त्याच्या मागून आलेल्या मंडळींनीं त्याच्या अनुयायांस 'दहशतवादी' हें नांव दिलें, आणि १७९८ सालीं फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या पुरवणींत दहशतवाद म्हणजे दहशतीची राज्यपद्धति असा त्याचा अर्थ नोंदला गेला. आजच्या वाचकास हा अर्थ उलटा वाटेल. पण मूळचा सुलटा अर्थ तोच होय.

शंभर वर्षांच्या आंत शब्द फिरला. १८६७ सालीं नोबेलनें डायनामाइटचें पेटंट घेतलें, आणि एका माणसाच्या हातांत एका तोफेचें बळ आलें. रशियांत १८७९ सालीं 'नारोद्नाया वोल्या' म्हणजे 'लोकेच्छा' नांवाची गुप्त संस्था स्थापन झाली. तिनें १३ मार्च १८८१ रोजीं झार दुसरा अलेक्झांडर यास बाँबनें मारलें. ही मंडळी दहशत हा शब्द लपवीत नसत, मिरवीत असत. तथापि त्यांचा एक दंडक होता. त्याच वर्षीं अमेरिकेचा अध्यक्ष गारफील्ड मारेकऱ्याच्या गोळीनें मेला तेव्हां याच संस्थेनें त्या खुनाचा जाहीर निषेध केला. कारण जेथें मत देऊन राज्यकर्ता बदलतां येतो तेथें खून करणें हाच जुलूम, असें तिचें म्हणणें होतें. पुढें १९०५ सालीं, दुसऱ्या एका रशियन गटाचा कालियायेव हा तरुण ग्रँड ड्यूक सर्गेई याच्या गाडीवर बाँब टाकावयास उभा राहिला. गाडींत बायको व लहान मुलें दिसतांच त्यानें उगारलेला हात खालीं घेतला, आणि दोन दिवसांनीं ड्यूक एकटा असतांना त्यास मारलें. आम्ही या खुनाचें समर्थन करीत नाहीं. पण त्या खालीं घेतलेल्या हातांत जी एक मर्यादा होती तिची आठवण वाचकांनीं पुढील मजकुरासाठीं ठेवावी.

आमच्या प्रांतांतील गोष्ट याच काळांतील आहे. १८९७ च्या प्लेगांत पुण्यास गोऱ्या सोजिरांकडून घरांच्या झडत्या आणि माणसांची ओढाताण झाली. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनीं प्लेग कमिटीचा अधिकारी रँड याजवर गोळी घातली. दुसऱ्या गाडींतील लेफ्टनंट आयर्स्ट हाहि त्याच वेळीं मारला गेला. ३० एप्रिल १९०८ रोजीं मुझफ्फरपुरास खुदीराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनीं किंग्जफोर्ड या न्यायाधीशाची समजून एका गाडीवर बाँब टाकला. आंत केनेडी आडनांवाच्या मायलेकी होत्या, दोघीहि गेल्या. त्यावर लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'त लिहिलेल्या 'देशाचें दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहींत' या अग्रलेखांचा मथितार्थ इतकाच कीं, निव्वळ दडपशाहीनें बाँब थांबणार नाहींत. त्याबद्दल नऊ पंचांपैकीं सात विरुद्ध दोन अशा मतांनीं ते दोषी ठरले आणि सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बाँब टाकणारा आणि बाँब कां टाकला गेला हें सांगणारा, या दोघांस एकाच मापानें मोजण्याची सरकारची रीत तेव्हांपासूनची आहे, आणि ती सरकारबरोबर गेली असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

आम्ही राष्ट्रीय बाण्याचे आहों. खुदीराम फांशीं गेला तेव्हां अठरा वर्षांचा होता. आमच्या खेडचा राजगुरु भगतसिंग व सुखदेव यांच्यासह २३ मार्च १९३१ रोजीं गेला तेव्हां तेवीस वर्षांचाहि नव्हता. त्यांच्या देशभक्तीवर शंका घेणारा आम्हांस शोभणार नाहीं. स्वतः भगतसिंगानें फांशीच्या पूर्वीं कांहीं आठवडे आपण दहशतवादी नाहीं, क्रांतिकारक आहों असें लिहून ठेवलें, व हा भेद त्यास महत्त्वाचा वाटत होता. ८ एप्रिल १९२९ रोजीं दिल्लीच्या कायदेमंडळांत त्यानें व बटुकेश्वर दत्तानें टाकलेले बाँब कोणाचा जीव न जावा अशा बेतानें टाकले होते. तथापि केनेडी मायलेकींची हकीकत आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळींत उरकली जाते, हेंहि आम्हीं कबूल केलें पाहिजे. (आमच्या मराठी पत्रांनीं असहकारितेच्या काळांत 'अनत्याचारी' हा शब्द रूढ केला; तेव्हां 'अत्याचारी' म्हणजे हत्यार उचलणारा. आज 'अत्याचार' म्हटला कीं वाचकास भलताच गुन्हा आठवतो. शब्दांचें असेंच असतें.)

आतां दुसरी बाजू पाहूं. १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत जनरल डायरनें निःशस्त्र जमावावर गोळीबार केला. सरकारी मोजणीनेंच ३७९ माणसें मेलीं. हंटर कमिटीपुढें डायरनें साफ सांगितलें कीं, जमाव पांगविणें एवढाच आपला हेतु नव्हता. साऱ्या पंजाबावर पुरेसा मानसिक परिणाम घडवावयाचा होता. समोरच्यांस मारावयाचें तें मागच्यांस भिवविण्यासाठीं: दहशतवादाची याहून नेमकी व्याख्या आम्हांस कोणत्याहि कायद्याच्या पुस्तकांत सांपडलेली नाहीं. पण १९३२ सालीं बंगाल्यांत 'दहशतवादी अत्याचार' दडपण्याचा म्हणून जो कायदा झाला तो डायरच्या वर्गासाठीं नव्हता, हें सांगावयास नको.

व्याख्येची गोष्ट निघाली म्हणून एक हकीकत सांगतों. ती फारशी कोणास ठाऊक नसते. १९३४ च्या ऑक्टोबरांत मार्सेय बंदरांत युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर मारला गेला. त्यावरून राष्ट्रसंघानें १६ नोव्हेंबर १९३७ रोजीं दहशतवादाच्या प्रतिबंधाचा करार तयार केला. त्यांत राज्याविरुद्ध केलेलीं आणि लोकांच्या मनांत दहशत उत्पन्न करण्याच्या हेतूनें केलेलीं गुन्ह्याचीं कृत्यें अशी व्याख्या आहे. 'राज्याविरुद्ध' हे शब्द वाचकांनीं नजरेआड करूं नयेत. राज्यानें प्रजेविरुद्ध केलेलें कृत्य या व्याख्येंत बसतच नाहीं. चोवीस राष्ट्रांनीं सह्या केल्या, पण तो करार कायम केला एकाच देशानें. तो देश कोणता? हिंदुस्थान! म्हणजे अर्थात् हिंदुस्थानच्या नांवें दिल्लीस बसलेल्या इंग्रज सरकारानें. करार अंमलांत आलाच नाहीं. साठ वर्षांनीं, १९९६ सालीं, स्वतंत्र हिंदुस्थानानें संयुक्त राष्ट्रांपुढें दहशतवादाविरुद्ध सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. तोहि वर्षानुवर्षें अडून बसला, आणि अडला तो त्याच दोन प्रश्नांवर: परसत्तेविरुद्ध लढणाऱ्यांस हा शब्द लावावयाचा काय, आणि राज्याच्या फौजेस लावावयाचा काय. जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलांत २२ जुलै १९४६ रोजीं ९१ माणसें मारणाऱ्या संघटनेचा म्होरक्या बेगिन पुढें आपल्या देशाचा पंतप्रधान झाला आणि शांततेचें नोबेल पारितोषिक घेऊन गेला. नेल्सन मंडेला अध्यक्षपद भूषवून निवृत्त झाल्यावरहि २००८ सालापर्यंत अमेरिकेच्या दहशतवाद्यांच्या यादींत होते. नांव कर्त्याकडे पाहून ठेवावयाचें ठरलें म्हणजे असेंच व्हावयाचें.

आणि नांव कर्त्याच्या जातीकडे पाहून ठेवलें म्हणजे काय होतें हें शिकावयास महाराष्ट्रास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा खून झाला. खुनी पुण्यांतील एका वृत्तपत्राचा संपादक होता. आमच्या धंद्यास व आमच्या प्रांतास लागलेला तो डाग आम्ही झांकीत नाहीं. पण पुढील दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूस ज्यांचीं घरें पेटविलीं गेलीं त्यांनीं काय केलें होतें? ते खुन्याच्या जातीचे होते, एवढेंच. त्या घरांतील मुलानातवंडांस ही गोष्ट अजून ऐकून माहीत आहे. अशा मंडळींनीं तरी एका स्फोटाचा जाब एका अख्ख्या समाजास विचारण्याच्या आधीं थोडें थांबावें, अशी आमची अपेक्षा असते. ती नेहमीं पुरी होतेच असें नाहीं.

रशियन तरुणानें खालीं घेतलेला हात आम्हीं वर सांगितला. त्याच्याहि पूर्वीं, १२ फेब्रुवारी १८९४ रोजीं, पॅरिसच्या एका उपाहारगृहांत एमिल आंरी नांवाच्या एकवीस वर्षांच्या पोरानें गाणें ऐकत बसलेल्या गिऱ्हाइकांत बाँब टाकला होता. तो ना राजास शोधीत होता, ना न्यायाधीशास. सुखवस्तु वर्गांत निरपराध असा कोणी नाहींच, असें त्याचें कोर्टांतील सांगणें होतें. १६ सप्टेंबर १९२० रोजीं न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर घोड्याच्या गाडींत ठेवलेला बाँब भर दुपारीं फुटला. तीसहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत पेढीचे मालक नव्हते, कारकून आणि निरोप्ये होते. खरा पालट तो हा. पूर्वीचा मारेकरी ज्यास मारी त्याचें नांव त्यास ठाऊक असे. केनेडी मायलेकी मेल्या तेव्हां चूक झाली असें मारणाऱ्या पक्षासहि म्हणावें लागलें. नव्या पद्धतींत चूक होऊंच शकत नाहीं, कारण जो मरेल तोच हवा असतो.

ही पद्धति मुंबईच्या व्यापाऱ्यास कोणीं समजावून सांगावयास नको. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारीं दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरांत पहिला स्फोट झाला. तेथून दोन-सव्वादोन तासांत काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचें सेंच्युरी बझार, झवेरी बाजार, प्लाझा सिनेमा अशी रांग लागली. २५७ माणसें मेलीं, सातशेंहून अधिक जखमी झालीं. शेअर बाजार सोमवारीं उघडला, याचें कौतुक तेव्हां सर्वांनीं केलें व तें योग्यच होतें. पण बाजार उघडला म्हणून हिशेब मिटत नाहीं. झवेरी बाजार पुन्हां २५ ऑगस्ट २००३ रोजीं हादरला, पुन्हां १३ जुलै २०११ रोजीं. एकाच बाजारावर अठरा वर्षांत तीन वेळां! तेथें सोनें तोलणारा, चहा पोंचविणारा, हातगाडी ओढणारा, कारागीर बंगाली कीं गुजराती कीं मराठी, नमाज पढणारा कीं मुंबादेवीस हात जोडणारा, हें बाँबनें पाहिलें नाहीं.

याच ठिकाणीं आम्हांस एक अप्रिय गोष्ट लिहिणें भाग आहे. १९९२ च्या डिसेंबरांत व १९९३ च्या जानेवारींत याच शहरांत झालेल्या दंग्यांत नऊशें माणसें मेलीं, असें न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगानें नमूद केलें. आणि त्या दंग्यांचा मार्चच्या स्फोटांशीं कार्यकारणसंबंध असल्याचेंहि म्हटलें. स्फोटांच्या खटल्यांत शंभर जण दोषी ठरले, एकास २०१५ सालीं फांशी झाली. दंग्यांच्या खटल्यांत फारच थोड्यांस शिक्षा झाली. दंग्यांनीं स्फोटांस क्षमा मिळते असें कोणी म्हणेल तर तो आमचा मित्र नव्हे. पण गल्लींत घुसून परक्या धर्माच्या शेजाऱ्यास मारणें, तें पुढल्या गल्लीनें घर सोडून जावें म्हणून मारणें, यास आमच्याकडे 'दंगल' असें निसर्गाच्या कोपासारखें नांव मिळतें, हा शब्दांचा व्यवहार आम्हांस सरळ वाटत नाहीं. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगामच्या कुरणांत प्रवाशांस धर्म विचारून गोळ्या घातल्या गेल्या. २६ माणसें मेलीं, त्यांत आपल्या महाराष्ट्राचीं सहा. धर्म विचारून मारणें याची चीड साऱ्या देशास आली. ती चीड खरी असेल तर विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण यावर ती कमीजास्त होतां कामा नये.

दहशतीस प्रेक्षक लागतो, आणि प्रेक्षक पुरविण्याचा धंदा आमचा आहे. १९७२ च्या सप्टेंबरांत म्युनिचच्या ऑलिंपिकांत अकरा इस्रायली खेळाडू व शिक्षक मारले गेले तें दूरचित्रवाणीच्या डोळ्यांदेखत. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला तेव्हां समुद्रापलीकडे बसलेले सूत्रधार आमच्याच वाहिन्यांवरचें थेट चित्रण पाहून दूरध्वनीनें हुकूम सोडीत होते, आणि सर्वोच्च न्यायालयानें निकालांत त्याबद्दल वाहिन्यांस कडक शब्दांत सुनावलें. १५ मार्च २०१९ रोजीं न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च येथें दोन मशिदींत ५१ माणसें मारणाऱ्यानें वाहिनीचीहि वाट पाहिली नाहीं. स्वतःच चित्रण करून तें जगभर सोडलें. हत्यारहि सोपें होत चाललें आहे. १४ जुलै २०१६ रोजीं फ्रान्सांत नीस येथें ८६ माणसें मारावयास एक मालमोटार पुरली.

आतां कायद्याकडे वळूं. आमचा मुख्य वाद तेथेंच आहे. १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध 'ना वकील, ना दलील, ना अपील' अशी हाकाटी देशभर झाली व तो कायदा तीन वर्षांत रद्द करावा लागला. स्वातंत्र्यानंतर टाडा आला (१९८५ व १९८७), १९९५ सालीं संपला. पोटा आला (२००२), दोन वर्षांत गेला. आणि १९६७ चा बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायदा २००४, २००८ व २०१९ च्या दुरुस्त्यांनीं फुगत गेला. आरोपपत्राविना १८० दिवस कोठडी आणि जवळजवळ अशक्य असा जामीन हीं त्याचीं लक्षणें. विशेष संकटास विशेष कायदा लागतो हें आम्ही तत्त्वतः नाकारीत नाहीं. पण यांतील एका कलमानें घात केला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत परक्या इंग्रजानें असा नियम घातला कीं, पोलीस अंमलदारापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येणार नाहीं. आपल्याच पोलिसांवर त्याचा तेवढा भरंवसा नव्हता! टाडानें व पोटानें तो भरंवसा टाकला. आमच्या प्रांताच्या १९९९ च्या मोक्का कायद्यानेंहि टाकला. मोठ्या हुद्द्याच्या पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली पुरावा झाली.

परिणाम काय झाला? लोकलगाड्यांच्या खटल्याचा मोठा भार अशा कबुल्यांवर होता. उच्च न्यायालयानें त्या विश्वासास पात्र धरल्या नाहींत. ओळखपरेड, बऱ्याच काळानें पुढें आलेले साक्षीदार, जप्त मालाचें मोहोरबंद, कांहींच टिकलें नाहीं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयांत गेलें, व त्या न्यायालयानें हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरला जाऊं नये एवढें २४ जुलै रोजीं सांगितलें. सुटलेल्यांस परत तुरुंगांत घालण्यास सांगितलें नाहीं. एकोणीस वर्षें तुरुंगांत गेलेलीं तीं गेलींच. मालेगांवच्याच ८ सप्टेंबर २००६ च्या आधींच्या स्फोटांत प्रथम नऊ मुसलमान पकडले गेले. पुढें तपासाची दिशाच उलटली, आणि २०१६ सालीं त्यांना आरोपांतून मुक्त करावें लागलें. २००८ च्या खटल्यांत तर अनेक साक्षीदार फिरले आणि ज्या मोटारसायकलवर सारी भिस्त होती तिचा आरोपीशीं संबंधच शाबीत झाला नाहीं. ज्या सोयीनें तपास लवकर 'लागतो' त्याच सोयीनें खरा गुन्हेगार सुटतो, कारण कबुली हातीं आली कीं तपास थांबतो. आणि हा रोग आमच्याच देशाचा आहे असेंहि नाहीं. २३ जून १९८५ रोजीं 'कनिष्क' विमान फुटून ३२९ माणसें मेलीं. कॅनडाच्या गुप्तहेरखात्यानें संभाषणांच्या फिती पुसून टाकल्या होत्या, आणि वीस वर्षांनीं मुख्य खटल्यांतील दोघे सुटले.

याच्या उलट उदाहरण आमच्याच शहरांत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीपाशीं सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनीं हातांतील काठीनिशीं कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि आरोपी जिवंत सांपडला. १६६ माणसें मारणाऱ्या त्या टोळींतील एकटा जिवंत. त्या क्षणीं त्यास तेथेंच ठार करा असें म्हणणारे हजारों होते. त्याच्यावर खटला चालला, त्यास वकील देण्यांत आला, आणि त्या वकिलांस शिव्याशापहि मिळाले. त्याची कबुली पोलिसापुढें नव्हे, मॅजिस्ट्रेटपुढें साध्या फौजदारी कायद्यान्वयें घेण्यांत आली. मागाहून त्यानें ती नाकारली तरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती टिकली. जोडीला एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकारानें जीव धोक्यांत घालून काढलेलीं छायाचित्रें होतीं. वर आम्हीं आपल्या धंद्यास बोल लाविला, तेव्हां त्याची ही दुसरी बाजूहि जमेस धरणें न्यायाचें आहे. २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं येरवड्यास कसाब फांशीं गेला. आणि त्याच खटल्यांतील दोन हिंदी आरोपी पुरावा नाहीं म्हणून तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरले. एकाच न्यायासनानें एकास फांशी आणि दोघांस सुटका दिली, म्हणूनच त्या फांशीवर जगांत कोणास बोट ठेवतां आलें नाहीं.

आमची मागणी या दोन खटल्यांपुरती स्पष्ट आहे. राज्य सरकारानें लोकलगाड्या आणि मालेगांव या दोहोंबाबत, तपास कोठें व कोणाच्या हातून बिघडला, याचें लेखी निवेदन विधिमंडळापुढें ठेवावें. दोहोंबाबत ठेवावें, सोयीच्या एकाबाबत नव्हे. मोक्कांतील पोलिसांपुढच्या कबुलीचें कलम काढून टाकून मॅजिस्ट्रेटपुढील कबुली हीच काय ती पुराव्यास घ्यावी. निर्दोष सुटलेल्यास गेलेल्या वर्षांची भरपाई मागण्याचा हक्क कायद्यानें द्यावा. आणि ११ जुलै २००६ च्या गुन्ह्याचा तपास, आरोपी सुटले म्हणून बंद न धरतां, नव्या अधिकाऱ्यांकडे सोंपवावा. माहीमच्या फलाटावर आणि मालेगांवच्या भिक्कू चौकांत मेलेल्यांच्या घरचीं माणसें कोर्टाच्या पायऱ्या चढत होतीं तीं अमुकच धर्माच्या माणसास शिक्षा व्हावी म्हणून नव्हे. आपलें माणूस कोणीं मारलें हें त्यांस जाणून घ्यावयाचें होतें.